वऱ्हाडची कैफियत : सालारजंग ते अली इमाम

वाचकहो, वकील, अशील, अर्ज, फिर्याद, मुद्दा, दाखला, दस्तऐवज, मसुदा, नक्कल, हरकत, कैफियत हे शब्द आपण मराठी बोलताना रोज वापरतो. ते अरबी-फारसीतून आले आणि मराठीने इतके आपलेसे केले की आज ते कोणाला परके वाटत नाहीत. शब्द आपल्याजवळ राहिले. पण त्या शब्दांमागे जी विद्या होती, म्हणजे दुसऱ्याची बाजू कागदावर पुराव्यानिशी मांडण्याची विद्या, ती आपल्या मुलांजवळ कितपत आहे याचा विचार पालकांनी करावा असे वाटते.

आपल्याकडे समज असा आहे की, ज्याला चांगले बोलता येते तो चांगला वकील होतो. मुलगा घरात हुज्जत घालू लागला की शेजारीपाजारी कौतुकाने म्हणतात, हा पुढे वकील होणार! पण बोललेले वाऱ्यावर जाते, लिहिलेले दफ्तरात राहते. मोठमोठ्या दाव्यांचे भवितव्य कागदावरच्या एखाद्या शब्दावर ठरलेले आहे. याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या भूमीवर आपण राहतो तो वऱ्हाडच एका फार मोठ्या दाव्याचा विषय होता. तो दावा सत्तर वर्षांहून अधिक काळ चालला. त्यात एका बाजूला हैदराबादचे निजाम व त्यांचे विद्वान कारभारी होते आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज सरकार होते. ही हकीकत आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावी म्हणून हा लेख.

मुलूख कोणाचा?

अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेच्या काठी उभा असलेला असदगड आपण सर्वांनी पाहिला आहे. औरंगजेब बादशहाचा वजीर असदखान याच्या नावावरून त्याला हे नाव पडले. मोगल सत्ता ढासळू लागली तेव्हा दख्खनचा सुभेदार निजामुल्मुल्क याने १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या स्वतंत्र राज्याचा पाया घातला. ही लढाई आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात झाली. पुढे वऱ्हाडात निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चालू लागला. १८०३ साली अडगाव व गाविलगड येथे इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला. त्यानंतर देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून सुटून निजामाकडे आला. वऱ्हाड निजामाचा होता याबद्दल इंग्रजांनीही कधी वाद घातला नाही. वाद निघाला तो पुढे, आणि तो कर्जातून निघाला.

कर्ज आले कोठून?

१८०० साली निजाम व इंग्रज यांच्यात तह झाला होता. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे युद्धप्रसंगी निजामाने आपले सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ इंग्रजांच्या मदतीस द्यावयाचे होते. पुढे निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली एक कायमची फौज उभी राहिली. तिला ‘हैदराबाद कंटिंजंट’ म्हणत. १८१७-१८ चे युद्ध संपले तरी ही फौज मोडली नाही. तिचा पगार थकू लागला, कंपनी सरकार तो आपल्या खजिन्यातून देऊ लागले आणि व्याजासह निजामाच्या नावे लिहू लागले. अशा रीतीने १८५३ पर्यंत कर्जाचा आकडा चाळीस लाखांच्या वर गेला.

येथे विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. सामान्य माणूस अशा वेळी म्हणेल, कर्ज आहे, तेव्हा फेडलेच पाहिजे. परंतु कसलेला वकील आधी विचारतो की, हे कर्ज मुळात देणे लागते काय? तह युद्धकाळापुरता होता. मग शांततेच्या काळात फौज ठेवण्याचे बंधन कोणत्या कलमाने आले? आणि नवल असे की, या प्रश्नाचे उत्तर गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच्या स्वतःच्या लेखणीतूनच निघाले. मार्च १८५३ च्या आपल्या टिपणात त्याने कबूल केले की, १८०० च्या तहाने निजाम ही फौज सदैव ठेवण्यास बांधलेला होता असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. पुढे ही कागदपत्रे पार्लमेंटपुढे छापली गेली आणि निजामाच्या बाजूला फार मोठा पुरावा आयता मिळाला.

दुसरा मुद्दा हिशेबाचा होता. सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांच्या अबकारीचे उत्पन्न इंग्रज अनेक वर्षे आपल्याकडे ठेवीत आले होते. ही रक्कम सालाला सुमारे एक लाख धरली जात असे. चाळीस वर्षांची ही रक्कम निजामाच्या जमेस धरली असती तर कर्ज जवळजवळ फिटले असते, असे हैदराबादचे म्हणणे होते. ज्याचे देणे काढायचे त्याचे येणेही पाहावे हा साधा व्यवहार आहे, तो प्रत्येक दुकानदाराला कळतो. पण तो दौलतीच्या हिशेबात मांडण्यासाठी वर्षावर्षाची वही काढून बसावे लागते.

एका शब्दाचे मोल

१८५३ च्या मे महिन्यात रेसिडेंट कर्नल लो याने नव्या तहाचा मसुदा निजाम नासिरुद्दौला यांच्यापुढे ठेवला. कर्जफेड व फौजेचा खर्च यांसाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या ताब्यात द्यावेत अशी मागणी होती, आणि तीही कायमची. नासिरुद्दौला यांनी साफ नकार दिला. वडिलोपार्जित मुलूख गरज नसता देऊन टाकणे हे राजाला लांच्छनास्पद आहे असे त्यांनी स्पष्ट बजावले. त्यांचे हे बोलणे लो यानेच लिहून ठेवले आहे. तेव्हा लो याने पवित्रा बदलला. कायमचे नको असेल तर काही काळापुरते द्या, फौजेची गरज असेल तोवर द्या, असे तो म्हणू लागला. त्याच सुमारास असिस्टंट रेसिडेंट मेजर डेव्हिडसन याने दिवाण सिराजुल्मुल्क यांना एक पत्र लिहिले. वाटाघाटी संपल्या असून फौजा हलविण्याविषयी गव्हर्नर जनरलला लिहिण्यात येत आहे, असा त्याचा आशय होता. २१ मे १८५३ रोजी तह झाला.

तहातून ‘कायमचे’ हा शब्द गळाला. त्या एका शब्दाच्या अभावावर पुढची पन्नास वर्षे हैदराबादची सारी कैफियत उभी होती. मुलूख दिला पण मालकी दिली नाही. दरसालचा हिशेब निजामाला मिळावा आणि खर्च वजा जाता उरेल ते त्याला परत मिळावे असेही तहात होते. हे गहाणखत होते, विक्रीखत नव्हते. आपल्या शेतकरी बांधवांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही!

तह झाल्यावर थोड्याच दिवसांत सिराजुल्मुल्क वारले आणि त्यांचे पुतणे मीर तुराब अलीखान दिवाण झाले. इतिहास त्यांना सर सालारजंग म्हणून ओळखतो. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

सालारजंगांची कैफियत

१८५७ च्या धामधुमीत हैदराबादच्या दरबाराने इंग्रजांची बाजू धरली. त्याचे बरेवाईट इतिहासकारांनी पुष्कळ सांगितले आहे. आपल्या विषयापुरते इतकेच की, त्यानंतर १८६० साली नवा तह झाला. पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले, शोरापूरचा मुलूखही मिळाला. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच ‘विश्वस्त’ म्हणून राहिला. याच सुमारास एक मोठी घटना घडली. १८५३ साली धमकीचे पत्र लिहिणारा डेव्हिडसन आता स्वतः रेसिडेंट झाला होता. त्याने वरिष्ठांना लिहिले की, दोन्ही सरकारांचे देणेघेणे निःपक्षपातीपणे तपासले असते तर त्रेचाळीस लाखांच्या कर्जाबद्दल आपला न्याय्य असा दावाच नव्हता. विरुद्ध पक्षाच्या माणसाने दिलेली कबुली शंभर साक्षीदारांपेक्षा भारी असते, ती अशी.

परंतु याच तहात एक खोच होती. पूर्वीच्या, चालू व पुढच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला होता आणि कारभाराचा खर्च किती करावा हे इंग्रजांच्या मर्जीवर ठेवले गेले. कर्ज माफ झाल्याच्या आनंदात हे कलम लहान वाटले असेल. पण पुढे काय झाले ते पाहा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ च्या सुमारास भुसावळ-नागपूर रेल्वे आपल्या अकोल्यावरून धावू लागली. काळ्या मातीतून लाखो रुपये निघू लागले. आणि नेमक्या त्याच काळात हिशेब मागण्याचा हक्क अशिलाजवळ राहिलेला नव्हता. काही मिळत असताना आपण काय सोडून देत आहोत हे पाहणे, हा कागद वाचण्याच्या विद्येतील सर्वांत अवघड धडा आहे.

सालारजंग यांची थोरवी अशी की, त्यांनी तीच तक्रार पुन्हा पुन्हा उगाळली नाही. १८६९ पासून निजाम मीर महबूब अलीखान गादीवर होते. ते लहान मूल होते. अशिलाच्या वतीने सारा भार कारभाऱ्यांवर होता. १८७२ साली सालारजंग व त्यांचे सहकारी अमीरे कबीर यांनी रेसिडेंटामार्फत नवा प्रस्ताव पाठविला. इंग्रजांना वऱ्हाड कशासाठी हवा? फौजेच्या खर्चाची हमी म्हणून. मग आम्ही तेवढी रोख रक्कम सरकारजवळ ठेवतो, तिच्या व्याजातून फौजेचा खर्च चालवा आणि मुलूख परत द्या. समोरच्याची अडचण ओळखून तिचे उत्तर आपल्या मागणीतच गुंफणे, ही फार वरच्या दर्जाची मांडणी होय. सरकारचे उत्तर आले की, तहात हमी मुलखाची ठरली आहे, पैशाची नव्हे. तेव्हा १८७४ साली त्यांनी मूळ हक्काचाच प्रश्न विस्ताराने मांडला.

या कामात त्यांचे चिटणीस म्हणून सय्यद हुसेन बिलग्रामी होते. लखनौच्या कॅनिंग कॉलेजात अरबीचे प्राध्यापक असलेले हे गृहस्थ १८७३ साली हैदराबादला आले. अरबी, फारसी व इंग्रजी या तिन्ही भाषांत त्यांची गती होती. पुढे ते हैदराबादच्या शिक्षण खात्याचे प्रमुख झाले आणि १९०७ साली लंडनच्या इंडिया कौन्सिलवर नेमले गेले. घरची भाषा पक्की ठेवून इंग्रजी आत्मसात करणाऱ्या माणसाची राज्याला कशी गरज लागते, याचे हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांपुढे ठेवावे.

१८७६ साली सालारजंग स्वतः विलायतेस गेले. वाटेत पॅरिस येथे पडून त्यांचा पाय मोडला, तरी ते लंडनला पोहोचले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली, लंडन शहराने मानपत्र दिले, मोठमोठ्या मेजवान्या झाल्या. मात्र वऱ्हाडबद्दलच्या अर्जाला भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरीने पुढे जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, निजाम वयात येईपर्यंत हा विषय काढणे योग्य नाही. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी सालारजंग पटकीने वारले. त्यानंतर एका वर्षातच, फेब्रुवारी १८८४ मध्ये, निजामांच्या हाती कारभार आला. ज्या दिवसाची वाट पाहायला सांगितले होते तो दिवस उजाडला, पण कैफियत मांडणारा माणूस गेला होता.

१९०२ : तो शब्द परत आला

१९०२ च्या मार्चअखेर व्हॉइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादला आला. निजाम महबूब अलीखान यांनी मुलाखतीत विचारले की, वऱ्हाड आज किंवा पुढे कधी परत मिळण्याची आशा आहे काय? कर्झनने तशी आशा नाही असे सांगितले. तेव्हा निजामांनी संमती दिली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला करार झाला. निजामाची मालकी कागदावर मान्य झाली आणि सालीना पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाला. १८५३ साली नासिरुद्दौला यांनी जो शब्द घालू दिला नव्हता तोच शब्द एकोणपन्नास वर्षांनी आत आला. १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला.

अली इमाम आणि लॉर्ड रीडिंग

पुढचे निजाम मीर उस्मान अलीखान यांनी हा दावा पुन्हा उभा केला. यासाठी त्यांनी पाटण्याचे विख्यात बॅरिस्टर सर सय्यद अली इमाम यांची मदत घेतली. अली इमाम हे व्हॉइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री होते, पुढे पाटणा हायकोर्टाचे न्यायाधीश आणि हैदराबादच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्षही होते. २५ ऑक्टोबर १९२३ रोजी निजामांनी व्हॉइसरॉय लॉर्ड रीडिंग यास सविस्तर पत्र लिहिले. त्यात १८५३, १८६० व १९०२ या तिन्ही टप्प्यांचा ऊहापोह होता आणि १९०२ ची संमती खरी मोकळी संमती नव्हती असे प्रतिपादन होते. वऱ्हाडच्या लोकांना स्वतंत्र घटना व जबाबदार राज्यपद्धती देण्याचे अभिवचनही त्यात होते.

रीडिंग हा इंग्लंडचा माजी सरन्यायाधीश होता. त्याने मार्च १९२५ मध्ये नकार दिला. निजामांनी सप्टेंबरात उलट पत्र पाठविले. या प्रकरणी कोणा न्यायाधीशाचा निकाल झालेलाच नाही, तेव्हा एक कमिशन नेमून चौकशी करावी, ही त्यांची मागणी रास्त होती. पण त्याच पत्रात आणखी एक विधान गेले. परराष्ट्रीय व्यवहार सोडले तर इतर बाबतीत निजाम हे ब्रिटिश सरकारच्या बरोबरीचे आहेत, असा त्याचा आशय होता. रीडिंगला हेच हवे होते. २७ मार्च १९२६ च्या आपल्या उत्तरात त्याने वऱ्हाडचा पुरावा मागे टाकला आणि ब्रिटिश बादशहाची सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, तिच्याशी कोणी संस्थानिक बरोबरीने वाद घालू शकत नाही, हा मुद्दा पुढे केला. ते पत्र सर्व संस्थानांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मुलखाच्या दाव्यासाठी जेवढे लागते त्याहून अधिक मागितले आणि प्रतिपक्षाला आपल्या सोयीची जागा सापडली, असे माझे मत आहे.

दुसरी उणीव याहून मोठी होती. या सत्तर वर्षांच्या कागदांत वऱ्हाडच्या रयतेची साक्ष कोठे होती? पट्टा, हमी, व्याज, मालकी यांचा ऊहापोह झाला, पण अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाण्याच्या लोकांना काय हवे हे कोणीच विचारले नाही. १९२३ साली त्यांच्या नावाने अभिवचन आले तेव्हा वऱ्हाडातील पुढाऱ्यांनी निजामाकडे जाण्यास उघड विरोध केला. ज्यांच्या हिताचे म्हणून आपण लिहितो त्यांचेच म्हणणे विरुद्ध निघाले, तर बाकीचा पुरावा कितीही भक्कम असला तरी कैफियत लंगडी पडते. इंग्रजांनीही रयतेला विचारून वऱ्हाड ठेवला नव्हता, हेही तितकेच खरे.

पुढे १९३६ च्या करारात निजामांची वऱ्हाडवरील नाममात्र सत्ता मान्य झाली. त्यांच्या किताबात हैदराबादबरोबर वऱ्हाडचे नाव आले आणि युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले. स्वातंत्र्यानंतर हे सारे इतिहासजमा झाले. आपला वऱ्हाड १९५६ साली मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

हरलेल्या दाव्याचा धडा

कोणी म्हणेल, एवढी विद्वत्ता खर्ची घालून दावा हरलाच ना? होय, मुलूख परत मिळाला नाही. न्यायाधीश व प्रतिवादी एकच असेल तेथे पुरावाही हतबल होतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्या कागदांमुळेच आज आपण खात्रीने सांगू शकतो की, कर्ज संशयास्पद होते, संमती दडपणाखालची होती आणि मालकी कधीच गेलेली नव्हती. तलवारीच्या जोरावर घेतलेली गोष्ट कागदाने परत आली नाही, पण तिला न्यायाचे रूपही चढू शकले नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही वकील व्हा, शिक्षक व्हा, इंजिनिअर व्हा किंवा एखाद्या कार्यालयात कारकून व्हा. दुसऱ्याच्या वतीने लिहिण्याचा प्रसंग तुमच्यावर येणारच. एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज असेल, शेताच्या फेरफाराची हरकत असेल, शाळेच्या मान्यतेचा प्रस्ताव असेल. त्या वेळी सालारजंगांची रीत आठवा. मूळ कागद स्वतः वाचा, कोणी सांगितले म्हणून विसंबू नका. तारखा क्रमाने लावा. आकडे दोनदा तपासा. विरुद्ध बाजूने काय कबूल केले आहे ते आधी शोधा. समोरच्याची अडचण समजून घेऊन तिच्यावर तोड सुचवा. जेवढे सिद्ध करता येईल तेवढेच मागा. अशिलाच्या मनातले त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय लेखणी उचलू नका. आणि त्याची बाजू जेथे कमकुवत असेल तेथे ती त्याला आधी एकांतात सांगा, कारण खोट्या आशेवर त्याचे घरदार खर्ची पडते.

आणि पालकांना एक विनंती. मुलांचे जन्माचे दाखले, शाळेचे निकाल, घराच्या व शेताच्या खरेदीचे कागद, वारसाच्या नोंदी एका पेटीत नीट ठेवा आणि त्यांत काय लिहिले आहे ते मुला-मुलींकडून मोठ्याने वाचून घ्या. मराठी, उर्दू, इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा परकी मानू नका, कारण आपला हक्क कोणत्या भाषेत लिहिलेला सापडेल याचा नेम नसतो. राज्ये गेली, नवाब्या गेल्या. आता प्रत्येक नागरिक हाच आपल्या हक्काचा दिवाण आहे. त्याच्या हाती लेखणी, मनात सचोटी आणि पेटीत पुरावा असावा, आणि हे देण्याचे सामर्थ्य आपल्या शाळांना लाभो, हीच सदिच्छा.